अस्ककाठची भाषासभा
(ॲबरगव्हेनी येथील वेल्श सभेचा इतिहास : १८३३ ते १८५४)

जी सभा अवघी वीस वर्षे चालली, जिचे कार्यकर्ते बहुतेक एका लहानशा बाजारपेठेच्या गावाभोवती राहणारे होते, आणि जी भाषा जगावी म्हणून तिचा जन्म झाला ती भाषाच पुढे दोन-तीन पिढ्यांत त्या गावातून व त्याच्या आसमंतातून बहुतांशी मावळली, अशा सभेची हकीकत भाषासंस्थांच्या इतिहासाला वाहिलेल्या या स्मरणिकेत कशासाठी नोंदवावी, असा प्रश्न एखाद्या वाचकाच्या मनात आल्यास त्यात नवल नाही. त्याचे उत्तर असे, की वेल्स देशातील ॲबरगव्हेनी या गावी १८३३ साली स्थापन झालेल्या या सभेने जी हस्तलिखिते, जी गीते, जी वाद्यविद्या आणि जो स्वभाषेविषयीचा अभिमान विस्मृतीच्या तोंडातून सोडवून आणला, त्यावर पुढे साऱ्या वेल्श राष्ट्राच्या विद्येचा प्रपंच चालला. संस्थेचे यश तिच्या गावच्या वेशीपाशी मोजायचे नसते, तिने मागे ठेवलेले काम कोठवर पोहोचले यावर मोजायचे असते, ही गोष्ट या सभेच्या चरित्रात जितकी स्वच्छ दिसते तितकी फारच थोड्या संस्थांच्या चरित्रांत दिसेल.

स्थापनेपूर्वीचा काळ

वेल्स हा ब्रिटन बेटाच्या पश्चिम अंगाचा डोंगराळ मुलूख. सोळाव्या शतकात, १५३६ व १५४३ च्या कायद्यांन्वये, तो इंग्लंडच्या राज्यव्यवस्थेत पुरता सामावून घेण्यात आला, आणि अदालतीचा व सरकारी दप्तराचा सारा व्यवहार इंग्रजीतच व्हावा असा निर्बंध घालण्यात आला. राजाश्रय गेला, दरबारी कवींची परंपरा क्षीण झाली, मोठमोठी जमीनदार घराणी हळूहळू इंग्रजी बोलू लागली; परंतु १५८८ मध्ये विल्यम मॉर्गन या धर्मोपदेशकाने संपूर्ण बायबल वेल्शमध्ये आणले होते, आणि त्या एका ग्रंथाने भाषेला प्रार्थनामंदिरात असे आसन मिळवून दिले, की जेथून तिला उठवणे कोणत्याही हुकुमास साधले नाही. अठराव्या शतकात ग्रिफिथ जोन्स यांच्या फिरत्या शाळांनी आणि त्यांच्यामागून बाला गावच्या टॉमस चार्ल्स यांच्या रविवारच्या शाळांनी शेतमजूर, गुराखी व मोलकरणी यांना तो ग्रंथ वाचावयास शिकवले. वेल्श बायबलांची मागणी इतकी वाढली, की प्रती पुरवण्याच्या विवंचनेतून लंडनमध्ये जो विचारविनिमय सुरू झाला, त्यातूनच १८०४ साली ब्रिटिश अँड फॉरिन बायबल सोसायटी ही पुढे जगभर शाखा पसरलेली संस्था उदयास आली. आपल्याकडेही तिने मराठीसह अनेक भाषांतील बायबले छापविली, हे सुविदित आहे.

ज्याला लोकजीवन म्हणतात ते याच काळात वेल्समध्ये झपाट्याने पालटत होते. १८०१ च्या खानेसुमारीत सुमारे ५ लाख ८७ हजार भरलेली लोकसंख्या १८५१ मध्ये ११ लाख ६३ हजारांवर गेली. दक्षिणेकडील दऱ्यांत लोखंडाच्या भट्ट्या पेटल्या. मर्थर टिडफिल हे एके काळचे खेडे शतकाच्या मध्यास सुमारे ४६ हजार वस्तीचे, वेल्समधील सर्वांत मोठे शहर होऊन बसले, आणि तेथे डोंगरापलीकडून आलेले हजारो मजूर वेल्श बोलत, वेल्शमध्ये प्रार्थना करीत व वेल्शमध्येच आपली गाऱ्हाणी मांडीत. १८३१ साली मर्थरच्या मजुरांनी केलेला उठाव लष्कर आणून मोडण्यात आला आणि डिक पेन्डेरिन या तरुण कामगारास कार्डिफ येथे फाशी देण्यात आले. १८११ मध्ये मेथडिस्ट पंथीयांनी प्रस्थापित चर्चपासून फारकत घेऊन आपले स्वतंत्र धर्मोपदेशक नेमले होते. १८१४ मध्ये स्वान्सी येथे जोसेफ हॅरिस या उपदेशकाने ‘सेरेन गोमेर’ हे वेल्श भाषेतील पहिले साप्ताहिक सुरू केले, आणि पुढल्याच वर्षी मुद्रांककराच्या ओझ्याखाली ते बंद पडले, तरी १८१८ मध्ये त्याने पुन्हा डोके वर काढले. सारांश, तळाशी भाषा जिवंत होती, नव्हे, जोमात होती. परंतु तिच्या प्राचीन वाङ्मयाची ठेव मात्र ज्यांच्या कोठारांत व पेट्यांत पडली होती त्या श्रीमंतांस ती वाचता येत नव्हती, आणि ज्यांना वाचता आली असती त्या गरिबांस तिचा ठावठिकाणा नव्हता.

ही दरी सांधण्याचा प्रथम उद्योग केला तो खेड्यापाड्यांतील काही विद्याव्यासंगी धर्मोपदेशकांनी. सेंट डेव्हिड्सचे, जन्माने इंग्रज असलेले, बिशप टॉमस बर्जेस यांच्या पाठबळाने १८१८ साली एक मंडळ स्थापन झाले आणि १८१९ च्या जुलैमध्ये कार्मार्थन येथे आइस्तेधवॉद भरविण्यात आले. आइस्तेधवॉद म्हणजे कवींची व गायकवादकांची स्पर्धासभा. ११७६ साली कार्डिगनच्या किल्ल्यात राजा रिस याने भरविलेल्या सभेपर्यंत तिची परंपरा मागे जाते. कार्मार्थनच्या त्या सभेत योलो मॉर्गानुग हा ग्लॅमॉर्गनचा वृद्ध पाथरवट कवी उभा राहिला, आणि १७९२ मध्ये लंडनच्या प्रिमरोझ टेकडीवर त्याने प्रथम मांडलेला ‘गॉर्सेद’ हा कविमंडळाचा दीक्षाविधी त्याने या स्पर्धासभेशी जोडून दिला. हा विधी पुराणकालीन ऋषिकवींपासून चालत आला आहे अशी त्याची ग्वाही होती. ती ग्वाही खरी नव्हती, तो त्याच्याच प्रतिभेचा खेळ होता, हे पुढे शंभर वर्षांनी संशोधकांनी सिद्ध केले. परंतु तूर्तास एका दुर्लक्षित भाषेच्या सेवकांना आपल्या पाठीशी केवढी परंपरा आहे असे वाटून जी उभारी आली ती खरी होती. १८२० मध्ये रेक्सम, १८२१ मध्ये कार्नार्व्हन, १८२२ मध्ये ब्रेकन अशा सभा ठिकठिकाणी भरू लागल्या. मात्र या सभा फिरत्या होत्या. एका ठिकाणी मूळ धरून, सालोसाल नेमाने काम चालवील अशी संस्था अजून व्हावयाची होती.

सभेची स्थापना

ॲबरगव्हेनी हे गाव इंग्लंडच्या सरहद्दीनजीक मॉनमथशर परगण्यात, अस्क नदीला गव्हेनी हा ओढा जेथे मिळतो तेथे वसले आहे. भोवती शुगर लोफ, ब्लोरेंज व स्किरिड हे डोंगर पहाऱ्यास उभे असून पश्चिमेकडे थोड्याच अंतरावर लोखंडाच्या दऱ्या सुरू होतात. पूर्वेकडून इंग्रजी आणि पश्चिमेकडून वेल्श अशा दोन भाषांचे प्रवाह या बाजारपेठेत एकमेकांस भिडत असत. सरहद्दीवरील माणसाला आपल्या भाषेची काळजी अंतर्भागातील माणसापेक्षा अधिक वाटते, कारण तिची पीछेहाट त्याला रोज डोळ्यांनी दिसत असते. म्हणूनच की काय, १८३३ च्या नोव्हेंबर महिन्यात याच गावातील एका पथिकगृहात काही मंडळी एकत्र जमली आणि त्यांनी ‘कम्रेगिद्यॉन अ व्हेनी’, अर्थात ॲबरगव्हेनीची वेल्श भाषाभिमानी सभा, स्थापन केली. स्थापनेच्या कामी टॉमस बेव्हन हे स्थानिक गृहस्थ अग्रभागी होते. ‘कॅराडॉक’ या कविनामाने ते ओळखले जात, आणि आरंभीच्या वर्षांत चिटणीसपदाची धुरा त्यांनीच वाहिली. नामांकित सरदार व आश्रयदाते पुढे आले, परंतु पहिला पाया घालणारे हात मध्यम स्थितीतील गावकऱ्यांचे होते, ही गोष्ट अशा इतिहासात आवर्जून नमूद केली पाहिजे.

सभेचा हेतू साधा होता : वेल्श भाषेचा अभ्यास व्हावा, तिचे जुने वाङ्मय उजेडात यावे, नवे निपजावे, आणि त्यासाठी स्पर्धा भरवून बक्षिसे द्यावीत. हा हेतू तडीस नेण्यासाठी जी दोन माणसे सभेस लाभली, ती लाभली नसती तर ही सभाही इतर अनेक मंडळांप्रमाणे दोन-चार वर्षांत विझून गेली असती. त्यांपैकी एक होते खेड्यातले धर्मोपदेशक, दुसरी होती मोठ्या घरची सून.

कार्नहुआनाउक

टॉमस प्राइस यांचा जन्म १७८७ चा, ब्रेकनशरमधील. १८२५ पासून ते ॲबरगव्हेनीच्या वायव्येस असलेल्या कुम डी या खेड्याचे धर्मोपदेशक होते आणि ‘कार्नहुआनाउक’ या नावाने सर्वत्र परिचित होते. या एका मनुष्याच्या अंगी किती विद्या वसाव्यात! ते हार्प वाजवीत, हार्प स्वतः बनवीत, चित्रे रेखाटीत, प्राचीन अवशेषांची टिपणे करीत, आणि व्यासपीठावर उभे राहिले म्हणजे अडाणी श्रोत्यालाही हलवून सोडील असे वेल्श बोलत. वेल्शची भगिनी असलेली, फ्रान्समधील ब्रेटन भाषा त्यांनी शिकून घेतली, आणि ल गोनिदेक याने केलेला ब्रेटन ‘नवा करार’ १८२७ मध्ये छापला जावा म्हणून बायबल सोसायटीकडे रदबदली केली. ब्रिनमॉर गावानजीक गेलिफेलेन येथे त्यांनी वेल्श माध्यमाची एक शाळा चालविली. मुलांना त्यांना कळणाऱ्या भाषेत शिकवावे, ही आज सहज वाटणारी गोष्ट त्या काळी, जेव्हा कित्येक शाळांत वेल्श शब्द उच्चारणाऱ्या मुलाच्या गळ्यात लाकडी पट्टी अडकवीत, तेव्हा धाडसाची होती. वेल्सचा सविस्तर इतिहास त्यांनी वेल्श भाषेतच लिहिला. तो १८३६ ते १८४२ या काळात चौदा भागांनी प्रसिद्ध झाला. ज्या राष्ट्राचा इतिहास परक्या भाषेतच लिहिला जातो त्याला स्वतःकडे परक्याच्या नजरेने पाहण्याची सवय लागते. कार्नहुआनाउक यांच्या ग्रंथाने ती सवय मोडण्यास आरंभ केला. सभेच्या प्रत्येक महत्त्वाच्या उपक्रमात त्यांचा सल्ला घेतला जाई, आणि १८४८ च्या जुलैमध्ये ते निवर्तले तेव्हा सभेचा प्राणच हरपला.

लेडी लानोव्हर

१८२६ साली ब्रेकन येथील आइस्तेधवॉदमध्ये कार्नहुआनाउक यांचे भाषण ऐकून जिच्या आयुष्याला दिशा मिळाली ती तरुणी म्हणजे ऑगस्टा हॉल, पुढच्या लेडी लानोव्हर. १८०२ मध्ये ॲबरगव्हेनीनजीक लानोव्हर येथे वॅडिंग्टन या इंग्रज घराण्यात तिचा जन्म झाला, आणि १८२३ मध्ये बेंजामिन हॉल यांच्याशी विवाह झाला. हे हॉल पुढे पार्लमेंटचे सभासद व सरकारी बांधकाम खात्याचे प्रमुख झाले. लंडनच्या घड्याळ-मनोऱ्यातील ‘बिग बेन’ या घंटेचे नाव त्यांच्यावरूनच पडले असे सांगतात. जन्माने व शिक्षणाने इंग्रज असलेल्या या बाईंनी वेल्श भाषा व वेल्श रीतभात यांची कड घेतली ती अखेरपर्यंत. १८३४ मध्ये कार्डिफच्या आइस्तेधवॉदमध्ये वेल्श भाषा व राष्ट्रीय पोशाख जतन करण्यापासून होणाऱ्या लाभांविषयीच्या निबंधाबद्दल त्यांना बक्षीस मिळाले, आणि ‘ग्वेंटची मधमाशी’ या अर्थाचे कविनाम त्यांनी धारण केले. त्यांच्या वाड्यात नोकरचाकर वेल्श बोलणारे असत, दिवाणखान्यात हार्पवादक कायमचा तैनात असे, आणि लोकरीचे कापड आसपासच्या गिरणीत विणले जाई.

त्यांच्या उद्योगातील एक गोष्ट जवळून पाहण्याजोगी आहे, ती वेल्श तिहेरी हार्पची. या वाद्याला तारांच्या तीन ओळी असतात. बाहेरच्या दोन ओळी एकाच स्वरात मिळवलेल्या, आणि मधल्या ओळीत विकृत स्वर; वादकाने बाहेरच्या तारांमधून बोट आत सरकवून मधली तार छेडायची, आणि एकच स्वर दोन्ही हातांनी पाठोपाठ उमटवून त्याला झुळझुळ आणायची. वाद्य खांद्याला टेकवायचे तेही डाव्या. पायाने खटके दाबण्याची सोय असलेला नवा हार्प शहरांत रूढ झाल्यावर हे अवघड वाद्य मागे पडू लागले, आणि ते वाजवणारे वृद्ध वादक, त्यांत कितीएक अंध, एकेक करून नाहीसे होत चालले. तेव्हा सभेच्या स्पर्धांत जुन्या पद्धतीने तिहेरी हार्प वाजवणाऱ्यास रोख रकमेऐवजी नवा तिहेरी हार्पच बक्षीस द्यावा, असा परिपाठ पडला. कार्डिफचे कारागीर बॅसेट जोन्स यांना हे हार्प बनविण्याचे काम मिळे. अशा रीतीने एकाच बक्षिसाने वादक, वाद्य व वाद्य घडवणारा या तिघांचेही पोषण झाले. लोकरीचे चौकड्यांचे व पट्ट्यांचे कापड विणणाऱ्यांनाही अशीच बक्षिसे दिली जात. लेडी लानोव्हर यांची पोशाखाविषयीची मते आज सर्वांस पटतीलच असे नाही. पण परंपरा टिकवायची तर परंपरेवर पोट भरणाऱ्या कारागिराला काम मिळाले पाहिजे, हे त्यांनी ओळखले होते आणि प्रत्यक्ष करून दाखविले होते.

वार्षिकोत्सव आणि स्पर्धा

सभेची आइस्तेधवॉद प्रथम दरवर्षी न चुकता, पुढे पुढे दोन-तीन वर्षांच्या अंतराने भरत गेली. १८५३ पर्यंत अशा सुमारे दहा सभा झाल्या. उत्सवाच्या दिवशी डोंगरदऱ्यांतून गाड्या-घोडी लोटत, हार्पवादकांसह मिरवणूक निघे, आणि ज्या गावात एरवी गुरांचा व लोकरीचा बाजार भरे तेथे कविता, गायन व निबंध यांचे निकाल ऐकण्यासाठी सरदार व मजूर एकाच छपराखाली बसत. या सभांची कीर्ती देशाबाहेर गेली ती मात्र मिरवणुकीमुळे गेली नाही. विषय निवडण्यातील विवेकामुळे व स्पर्धेचे दार परदेशी पंडितांसही खुले ठेवण्याच्या औदार्यामुळे गेली. वेल्श परंपरेचा जर्मनी, फ्रान्स व स्कँडिनेव्हिया येथील वाङ्मयावर कोणता परिणाम झाला, या विषयावर १८४० मध्ये ठेवलेले बक्षीस जर्मनीतील आल्बर्ट शुल्ट्झ यांनी जिंकले. १८४२ मध्ये केल्टिक भाषांविषयीच्या निबंधाचे बक्षीस कार्ल मायर या दुसऱ्या जर्मन पंडितास मिळाले. डोंगराळ परगण्यातील एका बाजारगावच्या सभेने युरोपातील भाषाशास्त्रज्ञांना लिहावयास लावावे, ही सामान्य गोष्ट नव्हे.

या संदर्भात भारतीय वाचकास एक दुवा जिव्हाळ्याचा वाटेल. लेडी लानोव्हर यांची वडील बहीण फ्रान्सेस हिचा विवाह प्रशियाचे मुत्सद्दी बॅरन बुन्सेन यांच्याशी झाला होता. हे बुन्सेन लंडनमध्ये राजदूत असताना त्यांनीच तरुण मॅक्स म्युलर यांची बाजू ईस्ट इंडिया कंपनीपुढे मांडली, आणि त्या रदबदलीमुळे सायणभाष्यासह ऋग्वेद छापण्याचा खर्च कंपनीने १८४७ मध्ये पत्करला. प्राचीन वाङ्मय हस्तलिखितांतून सोडवून छापील रूपात आणावे हा त्या काळाचा ध्यास होता, आणि तो एकाच कुटुंबात वेल्श कवितेपासून वेदसंहितेपर्यंत पोहोचलेला दिसतो.

१८३८ चा उत्सव विशेष गाजला. त्या वर्षी फ्रान्समधील ब्रिटनी प्रांतातून ला व्हिलमार्के हा तरुण लोकगीतसंग्राहक आपल्या सोबत्यांसह आला. बाराशे-तेराशे वर्षांपूर्वी सागरापलीकडे जाऊन वसलेल्या आपल्या भाऊबंदांची ही भेट साऱ्यांच्या अंतःकरणास भिडली. त्याला गॉर्सेदची दीक्षा देण्यात आली, आणि फ्रेंच महाकवी लामार्तिन याने या प्रसंगासाठी खास कविता रचून पाठविली. ला व्हिलमार्केचा सुप्रसिद्ध ब्रेटन गीतसंग्रह पुढच्याच वर्षी प्रसिद्ध झाला. दोन लहान भाषा, दोन निरनिराळ्या राज्यांच्या अमलाखाली असूनही, एकमेकींच्या पाठीशी उभ्या राहू शकतात, ही जाणीव ॲबरगव्हेनीने करून दिली.

ग्रंथकार्य

सभेच्या कार्याचा खरा गाभा म्हणजे तिच्या प्रेरणेने निघालेले ग्रंथ. १८३६ च्या सुमारास याच मंडळींच्या प्रयत्नाने वेल्श हस्तलिखितांच्या प्रकाशनासाठी स्वतंत्र संस्था निघाली. तिने १८४० मध्ये लॅन्डॅफ येथील धर्मपीठाचे प्राचीन दप्तर असलेला ‘लिबर लॅन्डाव्हेन्सिस’ हा ग्रंथ, १८४८ मध्ये योलो मॉर्गानुग याच्या कागदपत्रांतील निवडक संग्रह, आणि १८५३ मध्ये वेल्श संतांची चरित्रे प्रसिद्ध केली. यांपैकी बहुतेक ग्रंथ लॅन्डोव्हरी या छोट्याशा गावी विल्यम रीस यांच्या छापखान्यात छापले गेले. लंडनच्या मुद्रकांच्या तोडीचे सुबक काम या ग्रामीण मुद्रकाने केले, आणि वेल्श विद्येच्या त्या पिढीतील जवळजवळ प्रत्येक मोठा ग्रंथ त्यांच्या खिळ्यांतून बाहेर पडला. संस्थांच्या इतिहासांत मुद्रकांची नावे बहुधा तळटिपेतही येत नाहीत. विल्यम रीस यांचे नाव मात्र येथे आश्रयदात्यांच्या पंक्तीतच लिहिले पाहिजे.

‘मॅबिनोगियन’ या मध्ययुगीन वेल्श कथासंग्रहाचे इंग्रजी भाषांतर करणाऱ्या लेडी शार्लट गेस्ट याच वर्तुळातल्या. इंग्लंडमधील एका उमरावाची ही कन्या १८३३ मध्ये डौलाइस येथील लोखंडाच्या कारखान्याचे मालक जॉन गेस्ट यांच्याशी लग्न करून मर्थर टिडफिलला आली, आणि भट्ट्यांच्या धगीत व वाढत्या प्रपंचाच्या धबडग्यात वेल्श शिकली. ऑक्सफर्ड येथे जतन केलेल्या ‘हेर्गेस्टचे लाल पुस्तक’ या हस्तलिखिताची नक्कल ‘तेगिद’ या नावाने लिहिणाऱ्या जॉन जोन्स यांनी करून दिली, कार्नहुआनाउक यांनी अर्थनिर्णयास साह्य केले, आणि १८३८ पासून भागाभागांनी निघत गेलेले हे भाषांतर १८४९ मध्ये तीन खंडांत पूर्ण झाले. युरोपला वेल्श कथावाङ्मयाची ओळख झाली ती या खंडांतून.

लोकगीतांच्या बाबतीत ॲबरपर्गुम येथील मारिया जेन विल्यम्स यांनी केलेले काम तितकेच मोलाचे आहे. दक्षिण वेल्समधील अप्रकाशित चालींचा उत्तम संग्रह करणारास सभेने बक्षीस जाहीर केले, आणि १८३७ मध्ये ते या बाईंनी मिळविले. त्या स्वतः निष्णात गायिका होत्या व गिटार आणि हार्प वाजवीत. आपल्या खोऱ्यातील शेतकऱ्यांच्या, बैल हाकणाऱ्यांच्या व म्हाताऱ्या बायांच्या तोंडून चाली जशाच्या तशा उतरवून, त्यांच्या वेल्श शब्दांसह त्यांनी १८४४ मध्ये तो संग्रह प्रसिद्ध केला. त्यापूर्वीचे संग्राहक चाली घेत आणि शब्द टाकून देत, किंवा त्यांच्या जागी इंग्रजी पद्ये बसवीत. गाणे आणि त्याचे शब्द ही एकच वस्तू आहे, हे ओळखून केलेला हा तेथील आरंभीचा संग्रह होय.

याच सभेने सत्यशोधनालाही वाट करून दिली. योलोचा मुलगा तालिएसिन याने वडिलांनी पुढे आणलेल्या तथाकथित प्राचीन लिपीच्या समर्थनार्थ लिहिलेल्या निबंधास सभेने १८३८ मध्ये बक्षीस दिले होते. ती लिपी योलोचीच निर्मिती होती, तेव्हा हा निकाल भाबडेपणाचाच म्हटला पाहिजे. परंतु दहा वर्षांनी, १८४८ मध्ये, त्याच सभेत मर्थरचा सत्तावीस वर्षांचा औषधविक्रेता टॉमस स्टीव्हन्स याने वेल्श वाङ्मयाच्या इतिहासावर निबंध लिहून प्रिन्स ऑफ वेल्सच्या नावचे बक्षीस पटकावले, आणि सर जॉन गेस्ट यांनी स्वखर्चाने तो १८४९ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. दुकानातील काट्यावर औषधे तोलणाऱ्या या तरुणाने परंपरागत समजुतीही तशाच कसोशीने तपासल्या. वेल्श वाङ्मयाचा चिकित्सक अभ्यास याच ग्रंथापासून सुरू झाला असे मानतात. ज्या सभेने दंतकथेस मान दिला तिनेच चिकित्सेसही मान दिला, यात तिची प्रगती दिसून येते.

शिक्षणाचा प्रश्न

१८४६ मध्ये वेल्समधील शिक्षणाची चौकशी करण्याचा ठराव पार्लमेंटात आला आणि त्यावरून लिंगेन, सायमन्स व व्हॉन जॉन्सन या तिघा कमिशनरांची नेमणूक झाली. तिघेही इंग्रज, वेल्श भाषेपासून अनभिज्ञ. १८४७ मध्ये निळ्या पुठ्ठ्यांत बांधलेले त्यांचे तीन खंड बाहेर पडले. शाळांची दैन्यावस्था त्यांनी वर्णिली, त्यात बरेच तथ्य होते. पण त्या दैन्याचे खापर वेल्श भाषेवर फोडून, जोडीला वेल्श लोकांच्या, विशेषतः स्त्रियांच्या, नीतिमत्तेवर शिंतोडे उडविल्यामुळे साऱ्या देशात संतापाची लाट उसळली. या अहवालाचा समाचार घेणाऱ्यांत लानोव्हरच्या परिवारातील जेन विल्यम्स या विदुषी अग्रगण्य होत्या; १८४८ मध्ये ‘आर्टेगाल’ या पुस्तिकेत त्यांनी कमिशनरांच्या पुराव्याची मुद्देसूद छाननी केली. कार्नहुआनाउक यांचे उर्वरित लेखन संपादून प्रसिद्ध करण्याचे श्रेयही त्यांचेच.

योगायोग असा, की त्याच १८४७ सालच्या मे महिन्यात मुंबईच्या शिक्षण मंडळापुढे जगन्नाथ शंकरशेट यांनी आपली टिप्पणी सादर केली आणि सामान्य जनतेस विद्या द्यावयाची तर ती देशी भाषांतूनच दिली पाहिजे, असे मंडळाचे अध्यक्ष अर्स्किन पेरी यांच्या मताविरुद्ध बाणेदारपणे प्रतिपादिले. एकमेकांचे नावही ठाऊक नसलेल्या दोन समाजांपुढे एकाच राज्यसत्तेने एकाच वेळी एकच प्रश्न टाकला होता, आणि दोन्हीकडील विचारी माणसांनी त्याचे एकच उत्तर दिले.

सभेच्या मंडळींनी या प्रश्नाला रचनात्मक उत्तरही दिले. टॉमस फिलिप्स या वेल्श शल्यवैद्याने ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत बंगालमध्ये मोठी संपत्ती मिळविली होती. निवृत्त झाल्यावर, १८२७ मध्ये उघडलेल्या लॅम्पिटरच्या कॉलेजास त्याने वीस हजारांहून अधिक ग्रंथ दिले. पुढे लेडी लानोव्हर प्रभृतींच्या प्रोत्साहनाने त्याच्या देणगीतून लॅन्डोव्हरी येथे विद्यालय निघाले आणि १ मार्च १८४८ रोजी, संत डेव्हिड यांच्या सणाच्या दिवशी, त्याचे वर्ग सुरू झाले. वेल्श भाषेचे अध्यापन त्याच्या न्यासपत्रातच अनिवार्य ठरविण्यात आले होते. भाषाप्रेम सभामंडपातून शाळेच्या वेळापत्रकात उतरल्याखेरीज टिकत नाही, हे ज्यांनी वेळीच जाणले त्यांत या मंडळींची गणना करावी लागेल.

विसर्जन आणि मूल्यमापन

कार्नहुआनाउक गेले, तालिएसिन त्यांच्या आदल्याच वर्षी गेला होता. १८५३ च्या ऑक्टोबरात शेवटचे आइस्तेधवॉद भरले आणि १८५४ च्या जानेवारीत सभेचे रीतसर विसर्जन करण्यात आले. १८५८ मध्ये लॅन्गॉलेन येथे सर्व वेल्ससाठी एक मोठे आइस्तेधवॉद झाले आणि १८६१ मध्ये ॲबरडेअर येथून राष्ट्रीय आइस्तेधवॉदची परंपरा सुरू झाली. प्रांतिक सभांचे युग संपून राष्ट्रीय सभेचे युग आले.

ॲबरगव्हेनीच्या सभेच्या मर्यादा झाकण्याचे कारण नाही. तिच्या व्यासपीठावर उमरावांचा वरचष्मा होता आणि त्यांची भाषणे बव्हंशी इंग्रजीतच होत. मर्थरच्या मजुरांची उपासमार, १८३९ मध्ये न्यूपोर्ट येथे मताधिकार मागणाऱ्या चार्टिस्टांवर झालेला गोळीबार, त्याच वर्षापासून पश्चिमेकडील शेतकऱ्यांनी पथकराच्या नाक्यांविरुद्ध मांडलेले ‘रेबेका’चे बंड, यांचे पडसाद तिच्या बक्षिसांच्या यादीत शोधू गेल्यास निराशा पदरी येईल. भाषेला रोजचा श्वास पुरवला तो प्रार्थनामंदिरांनी, रविवारच्या शाळांनी आणि खाणींच्या दऱ्यांतील कष्टकऱ्यांनी. ॲबरगव्हेनीच्या आसमंतात तर सभेचे प्रयत्न अपुरेच पडले. रेल्वे, शाळा व इंग्लंडातून आलेली वस्ती यांच्या रेट्यापुढे शतक संपताना तेथे वेल्श बोलणारे अल्पसंख्य होऊन गेले.

तथापि कष्टकऱ्यांनी भाषा जगवली, तर या सभेने त्या भाषेला तिचे पूर्वसंचित परत मिळवून दिले, आणि राष्ट्राला दोहोंचीही गरज होती. लेडी लानोव्हर १८९६ पर्यंत जगल्या; त्यांनी जपलेली योलोची हस्तलिखिते पुढे ॲबरिस्टविथ येथील राष्ट्रीय ग्रंथालयात जमा झाली, आणि तेथेच विसाव्या शतकातील संशोधकांना त्यातील खरे व खोटे निवडता आले. खोटे होते म्हणून ते कागद कोणी जाळले असते, तर खरेही त्याबरोबर गेले असते. तिहेरी हार्पचे वादन खंडित न होता पुढील पिढ्यांकडे गेले. १९५० पासून राष्ट्रीय आइस्तेधवॉदचा सारा कारभार केवळ वेल्शमध्ये चालू लागला, म्हणजे जी गोष्ट ॲबरगव्हेनीच्या व्यासपीठास साधली नव्हती ती तिच्या वारसांनी साधली. आणि १९१३ व २०१६ मध्ये तेच राष्ट्रीय आइस्तेधवॉद ॲबरगव्हेनी गावी येऊन भरले.

भाषासंस्था चालविणाऱ्यांनी या वीस वर्षांच्या चरित्रापासून घेण्याजोग्या गोष्टी तीन आहेत. या सभेने बक्षिसाची रक्कम अशा कामावर खर्च केली की जे बक्षिसानंतरही उरले; तिने विद्या जशी पंडितांच्या पोथ्यांतून तशीच अशिक्षितांच्या मुखातून गोळा केली; आणि आपल्या भाषेचा विषय तिने आपल्या गावापुरता कधी मानला नाही. उत्सव पार पाडणाऱ्या संस्था पुष्कळ असतात. उत्सवाच्या खर्चातून ग्रंथ, वाद्य आणि शाळा उभी करणाऱ्या संस्था विरळा, आणि भाषांच्या इतिहासात त्यांचीच नावे राहतात.